गाडी का थरथरते?



आज आपण एका मोटारगाडीची गोष्ट वाचू. गोष्ट साधी आहे. पण तिच्यात थोडे शास्त्र आहे, थोडा हिशोब आहे, आणि एका वहीने केलेले मोठे काम आहे.

नांदेडजवळचे अर्धापूर आपल्याला ठाऊक आहे. तिथली केळी दूरदूर जातात. एक पिकअप गाडी अर्धापुरात केळी भरते आणि लातूरला नेते. वाट अशी आहे: नांदेड, लोहा, माळाकोळी, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर आणि मग लातूर. हा राष्ट्रीय महामार्ग ३६१. लातुरात डाळीच्या गिरण्या पुष्कळ. म्हणून येताना गाडीत डाळीची पोती असतात. गाडी दोन्ही वेळा भरलेली असली तर गाडीवाल्याच्या हाती चार पैसे उरतात.

या गाडीचा मालक स्वतःच गाडी हाकतो. चौथीतून त्याची शाळा सुटली. गाडी हप्त्यावर घेतलेली. त्याची बायको मात्र दोन वर्षांपासून आमच्या रात्रीच्या वर्गाला येते. आता ती चांगले लिहिते-वाचते.

एके रात्री वर्ग सुटला. हा गडी दाराशी उभा होता. तोंड उतरलेले.

“काय रे बाबा, काय झाले?” मी विचारले.

“गुरुजी, गाडी लई थरथरायली. साठाच्या पुढं काटा गेला की सुरू. ऐंशीला तर बसू देईना. केळीवर काळे डाग पडायले. लातूरचा व्यापारी पैसे कापून देतो.”

केळी फार नाजूक. गाडी थरथरली की फण्या एकमेकींवर घासतात. साल काळी पडते. आतला गर चांगला असला तरी गिऱ्हाईक हात लावत नाही. म्हणजे थरथर गाडीची, आणि नुकसान घरच्या चुलीचे.

“मग इलाज काय केलास?”

“समदं केलं गुरुजी. दोनदा चाकं बॅलन्स केली. अलाइनमेंट केली. कुणी म्हणलं टायर गेले, म्हणून पुढचे दोन टायर नवे घातले. त्यात एक हप्ता थकला. थरथर हाय तिथंच हाय.”

मी काही मिस्त्री नाही. माझा जन्म खडू-फळ्यात गेला. पण मुलांना विज्ञान शिकवले होते. दुसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन नांदेडच्या एका जुन्या जाणत्या मिस्त्रीकडे गेलो. त्या दिवशी जे शिकलो, ते तुम्हाला सांगतो.

थरथर कशी होते?

तुम्ही गोफण फिरवली असेल. ज्वारीच्या राखणीला ती लागतेच. गोफणीत खडा ठेवून फिरवला की हाताला ओढ बसते. जोरात फिरवा, ओढ वाढते. वेग दुप्पट केला तर ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. हे नीट ध्यानात ठेवा.

आता गाडीचे चाक पाहू. आपली काळी माती चिकट. शेतात गाडी नेली की चाकाच्या आतल्या अंगाला, म्हणजे रिमला, मातीचा गोळा चिकटतो आणि वाळतो. समजा तो फक्त ५० ग्रॅमचा आहे. चहाच्या दहा-बारा चमचे साखरेएवढा. ताशी ४० किलोमीटर वेगाला तो चाकाला सुमारे १ किलोच्या जोराने बाहेर ओढतो. ताशी ८० ला तोच गोळा सुमारे ४ किलोच्या जोराने ओढतो.

आणि ही ओढ एका दिशेला नसते. चाक फिरते तशी ती फिरते. पिकअपचे चाक सुमारे ७० सेंटिमीटर उंच असते. ते एका फेऱ्यात सुमारे सव्वादोन मीटर जाते. ताशी ८० च्या वेगाला गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. म्हणजे चाक एका सेकंदात १० वेळा फिरते. कोणी चार किलोचा हिसका सेकंदाला दहा वेळा, वर-खाली, पुढे-मागे देत राहिला, तर गाडी थरथरणारच.

मग एखाद्या ठराविक वेगालाच थरथर का वाढते? नागपंचमीचा झोका आठवा. झोका परत येतो त्याच क्षणी धक्का दिला तर तो उंच जातो. अवेळी दिला तर जात नाही. गाडीचे पाटे, धुरी, स्टेअरिंग यांचीही हलण्याची आपापली लय असते. चाकाचा हिसका त्या लयीशी जुळला की थरथर एकदम वाढते. वेग पुढे गेला की कधी कधी कमी होते. म्हणून “आता थांबली, म्हणजे बरी झाली” असे समजू नये. दोष जागीच असतो.

आधी विचारा, मग पाना उचला

त्या मिस्त्रीने गाडीला हात लावला नाही. आधी प्रश्न विचारले. वैद्य नाडी पाहतो, तसे हे. ते प्रश्न असे.

पहिला प्रश्न: थरथर कोणत्या वेगाला सुरू होते? अगदी हळू चालतानाही चाक डुलत असेल तर टायर फुगला असेल किंवा रिम वाकली असेल. साठ-सत्तरच्या पुढे सुरू होत असेल तर वजनाचा तोल किंवा शाफ्ट यांचा संशय घ्यावा.

दुसरा प्रश्न: ती कुठे जाणवते? स्टेअरिंग हातात नाचत असेल तर पुढची चाके पाहा. सीटखाली आणि पायाखाली जाणवत असेल तर मागची चाके किंवा शाफ्ट पाहा.

तिसरा प्रश्न: फक्त ब्रेक दाबल्यावर येते का? तसे असेल तर ब्रेकची चकती किंवा ड्रम वाकडा झिजला आहे. मग टायर बदलून काय उपयोग?

चौथा प्रश्न: दोष इंजिनाकडचा की चाकांकडचा? याची सोपी परीक्षा आहे. ताशी ७० वेगाला गाडी पाचव्या गिअरात चालवा. मग तोच वेग ठेवून चौथ्यात चालवा. चौथ्यात इंजिन जास्त फिरते, पण चाके तेवढीच फिरतात. थरथर बदलली तर इंजिनाकडे पाहा. तशीच राहिली तर चाके आणि शाफ्ट यांकडे पाहा.

पाचवा प्रश्न: अॅक्सिलरेटर दाबला आणि सोडला की फरक पडतो का? फरक पडत असेल तर शाफ्ट आणि त्याचे सांधे पाहा. चाकाच्या तोलाला अॅक्सिलरेटरशी फारसे देणेघेणे नाही.

सहावा प्रश्न: भरल्या गाडीत जास्त की रिकाम्या? ओझ्याने पाटे दबतात. मागची धुरी आणि शाफ्ट यांचा कोन बदलतो. त्याने थरथर बदलली तर तेही ध्यानात घ्यावे.

ही परीक्षा सरळ, मोकळ्या रस्त्यावर करावी. शेजारी एक माणूस बसवावा. बोलायचे गाडीवाल्याने, लिहायचे शेजाऱ्याने. गाडी चालवताना वहीकडे पाहू नये. आणि सिमेंटच्या रस्त्याचे सांधे ठक-ठक करतात, ती थरथर समजू नये. दोन वेगळ्या रस्त्यांवर पाहावे.

आधी चाके

प्रश्न झाले की स्वस्त काम आधी करावे, महाग काम मागून. क्रम असा आहे.

चाके आतून-बाहेरून धुवा. रिममधली वाळलेली माती खरवडून काढा. याला पैसा लागत नाही. पावसाळ्यात आपल्याकडच्या किती तरी गाड्यांची थरथर एवढ्यानेच जाते.

मग चाकाचे नट पाहा. ते एका ओळीने आवळू नयेत. एक नट आवळला की त्याच्या समोरचा आवळावा. तसे केले तर चाक सरळ बसते. चाक काढून बसवले असेल तर पन्नास-शंभर किलोमीटर गेल्यावर नट पुन्हा पाहा. ढिले नट आधी थरथरीने सांगतात. त्यांचे कोणी ऐकले नाही तर चाक निखळते, आणि मग माणसे जातात.

मग हवा पाहा. टायर थंड असताना पाहा. किती हवा हवी ते बहुधा दाराच्या चौकटीजवळच्या पट्टीवर लिहिलेले असते. आता तुम्हाला वाचता येते. तेव्हा पंक्चरवाल्याला “अंदाजाने मार” म्हणू नका, आकडा सांगा.

मग टायर पाहा. कडेला फुगा आहे का? एका बाजूलाच झिजला आहे का? टायरच्या कडेवर चार आकडे एका चौकटीत असतात. पहिले दोन म्हणजे वर्षातला आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. ३२२३ असे असेल तर टायर २०२३ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झाला. नवा म्हणून जुना टायर कोणी देत असेल तर हे चार आकडे खरे सांगतात.

मग चाक उचलून फिरवा. जागा सपाट हवी. बाकीच्या चाकांना दगड लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नका. पुढचे चाक उचलून हाताने सावकाश फिरवा आणि टायरजवळ खडू स्थिर धरा. चाक गोल असेल तर खडूची रेघ सगळीकडे सारखी उठेल. कुठे उठते आणि कुठे उठत नाही, असे झाले तर चाक गोल नाही. खडू माझा जुना सोबती. तो इथेही कामाला आला, याचे मला बरे वाटले.

त्याच चाकाला वर आणि खाली हात लावून हलवा. खुटखुट झाली तर बेअरिंग ढिले आहे, किंवा पुढच्या अंगाचे सांधे झिजले आहेत. ते मिस्त्रीने पाहावे.

आता बॅलन्सिंग. यंत्रावर चाक फिरवून हलक्या बाजूला लहान वजन लावतात. त्याने वजनाचा तोल साधतो. पण चाक वाकडे असेल तर ते सरळ होत नाही. वाकडे चाकही यंत्रावर तोलून निघते आणि रस्त्यावर पुन्हा उडते. अलाइनमेंटचे काम आणखी वेगळे. त्याने चाकांची दिशा सरळ होते, गाडी एका बाजूला ओढत नाही, टायर सारखे झिजतात. नुसत्या थरथरीवर ते औषध नव्हे. पोट दुखत असताना डोळ्यांत औषध घातल्यासारखे ते होते.

आणखी एक फुकटची परीक्षा आहे. आकार एकच असेल तर पुढची चाके मागे आणि मागची पुढे लावा. थरथर स्टेअरिंगवरून सीटखाली गेली, तर चोर चाकातच आहे. ती जागची हलली नाही, तर चोर दुसरीकडे आहे.

मग शाफ्ट

आपल्या गाडीवाल्याची उत्तरे मी लिहून घेतली होती. थरथर सीटखाली. स्टेअरिंग शांत. गिअर बदलला तरी तशीच. अॅक्सिलरेटर दाबला की वाढते. चाके मागे-पुढे केली तरी जागा बदलली नाही. आणि ती धक्क्यांसारखी नव्हती. बारीक, गुणगुणल्यासारखी होती. पायाला मुंग्या याव्यात तशी.

मिस्त्री म्हणाला, “गुरुजी, हे चाकाचं काम नाही. शाफ्ट बघावा लागंल.”

शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या धुरीपर्यंत जाणारी लांब लोखंडी नळी. इंजिनाचा जोर तीच मागच्या चाकांना पोचवते. ती चाकापेक्षा पुष्कळ जोरात फिरते. मागच्या धुरीतला दात्यांचा हिशोब एकास चार धरा. चाक सेकंदाला १० वेळा फिरले तर शाफ्ट ४० वेळा फिरतो. म्हणून चाकाची थरथर जाड असते आणि शाफ्टची बारीक असते.

गिअरबॉक्स वर असतो, धुरी खाली असते. शिवाय खड्ड्यात धुरी वर-खाली होते. म्हणून शाफ्टला वाकणारे सांधे लागतात. त्या सांध्यात अधिकच्या चिन्हासारखा लोखंडी तुकडा असतो. मिस्त्री लोक त्याला क्रॉस म्हणतात. ही युक्ती फार जुनी आहे. सोळाव्या शतकातल्या कार्डानो नावाच्या इटलीच्या गणितज्ञाचे नाव या सांध्याला दिले आहे. पुढे सतराव्या शतकात इंग्लंडच्या रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने त्याचा अभ्यास केला.

या सांध्यात एक खोड आहे. तो वाकलेला असताना एक बाजू एकसारखी फिरली, तरी दुसरी बाजू एकसारखी फिरत नाही. एका फेऱ्यात ती दोनदा थोडी पुढे धावते आणि दोनदा थोडी मागे रेंगाळते. मग यावर उपाय काय? दुसरा सांधा असा बसवायचा, की पहिल्याची खोड दुसऱ्याने मोडावी.

दोन बाया एकाच उखळात कांडतात तेव्हा कसे करतात? एकीचे मुसळ वर, तेव्हा दुसरीचे खाली. ताल जुळला तर काम झपाझप होते. ताल चुकला तर मुसळावर मुसळ आदळते. शाफ्टच्या सांध्यांचेही तसेच आहे. शाफ्टचे तुकडे दात्यांनी एकमेकांत बसतात. ते कारखान्यात जसे जुळवले, तसेच परत बसले पाहिजेत. चार दाते इकडे-तिकडे झाले तर दोन्ही सांधे आदळू लागतात. शाफ्ट ४० वेळा फिरला तर दणके ८० बसतात. त्यालाच आपण गुणगुण म्हणतो.

वहीने चोर पकडला

मिस्त्रीने शेवटचा प्रश्न विचारला. “हे कधीपासून झालं?”

गाडीवाला डोके खाजवू लागला. “पावसात कधी तरी झालं. टायर झिजले तवापासून.”

त्याची बायको बरोबर आली होती. तिने पिशवीतून वही काढली. वर्गात मी सगळ्यांना घरखर्च लिहायला सांगतो. तिने तो नेमाने लिहिला होता. तिने बोट ठेवून वाचले.

“पोळ्याच्या आधी सहा दिवस, क्लच प्लेट. त्याच्या खाली, पोळ्यानंतर चार दिवसांनी, चाक बॅलन्स.” मग ती नवऱ्याकडे वळून म्हणाली, “आवो, क्लचचं काम झालं, मग पोळ्यापर्यंत तुम्ही गावातच फिरलाव. लातूरला गेलाव पोळ्यानंतर. त्याच रात्री म्हणलाव गाडी थरथरायली.”

मिस्त्री हसला. “ताई, तुम्ही माझं निम्मं काम केलं.”

क्लच प्लेट बदलायची तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. गिअरबॉक्स उतरवायचा तर आधी शाफ्ट काढावा लागतो. गावात गाडी चाळिसाच्या पुढे जात नाही, म्हणून तेव्हा काही जाणवले नाही. महामार्गाला लागल्यावर जाणवले. आणि पाऊस, खड्डे, झिजलेले टायर समोर दिसत होते, म्हणून सगळा दोष त्यांच्यावर गेला.

मिस्त्रीने इंजिन बंद केले. गाडी भक्कम घोड्यांवर उभी केली. शाफ्ट पुसला. पुष्कळ शाफ्टांवर जुळवणीसाठी बाणाच्या खुणा असतात. त्या चिखल-ग्रीसखाली झाकून जातात. इथे दोन बाण एकमेकांसमोर नव्हते. त्याने शाफ्ट सोडवला, बाण जुळवले, क्रॉस हलवून पाहिले, ग्रीस भरले आणि शाफ्ट परत बसवला. दुपारच्या जेवणाआधी काम झाले. नवा पार्ट एकही लागला नाही, मजुरी तेवढी पडली.

संध्याकाळी आम्ही लोह्यापर्यंत जाऊन आलो. काटा ऐंशीवर होता. गाडीवाल्याने स्टेअरिंगवरचा एक हात काढून सीटवर ठेवला आणि म्हणाला, “गुरुजी, शांत हाय.” मी म्हणालो, “दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेव बाबा.”

क्लचचे काम ज्याने केले त्याचे नाव मी घेत नाही. घाई कोणाच्याही हातून होते. पण शाफ्ट काढण्यापूर्वी त्याने दोन तुकड्यांवर खडूची एक आडवी रेघ ओढली असती, तर पुढचा सगळा खर्च वाचला असता. तुम्ही आपल्या मिस्त्रीला तेवढे अवश्य सांगा.

ध्यानात ठेवण्यासारखे

थरथर अंगवळणी पाडू नका. तशीच गाडी रेटली तर क्रॉस झिजतात, शाफ्टचे बेअरिंग जाते, गिअरबॉक्समधून तेल गळू लागते. चालत्या गाडीचा शाफ्ट तुटून रस्त्याला टेकला, तर गाडीवर ताबा राहत नाही.

जास्त माल मावावा म्हणून जादा पाटे घालू नका. गाडीची मागची बाजू उचलते, शाफ्टचा कोन बिघडतो आणि रिकामी गाडी थरथरू लागते. शिवाय ब्रेक तेवढेच राहतात आणि ओझे वाढते.

एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि मग गाडी चालवून पाहा. एकदम चार गोष्टी बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा चारही गोष्टींचे पैसे जातात.

आणि वही ठेवा. तारीख, काम, किलोमीटर आणि खर्च, एवढेच लिहा. माणसाची आठवण लबाड असते. जे डोळ्यांसमोर दिसते त्यालाच ती दोष देते. वही तसे करत नाही. ज्या दिवशी जे झाले, ते ती तसेच सांगते.

आता अर्धापूरची केळी डाग न पडता लातूरला पोचतात. गाडीवाल्याचा थकलेला हप्ता दोन महिन्यांत भरून झाला. परवा तो वर्गाच्या दाराशी पुन्हा आला. मला वाटले, गाडी पुन्हा बिघडली. तो म्हणाला, “गुरुजी, पाटी-पुस्तक मिळंल का? बायको गावाला गेली की वही कोरी राहती.”

प्रश्न

१. चाकाचा वेग दुप्पट झाला तर चिकटलेल्या मातीची ओढ किती पट होते?
२. थरथर स्टेअरिंगवर जाणवली तर आधी काय पाहाल? सीटखाली जाणवली तर काय पाहाल?
३. टायरवर १५२४ असे आकडे आहेत. तो टायर कोणत्या साली तयार झाला?
४. शाफ्ट काढण्यापूर्वी मिस्त्रीने कोणती खूण करावी?
५. तुमच्या घरी गाडी, इंजिन किंवा पाण्याचा पंप असेल, तर त्याच्या दुरुस्तीची एक वही आजपासून सुरू करा. पहिल्या पानावर आजची तारीख लिहा.